क्वीन : ध्वनिमुद्रणे व चित्रफिती

ब्रिटिश रॉक वृंद. स्थापना लंडन येथे १९७० मध्ये झाली. फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१; गायन व पियानो), ब्रायन मे (१९४७–  ; गिटार), रॉजर टेलर (१९४९–  ; तालवाद्ये) आणि १९७१ मध्ये येऊन मिळालेला जॉन डीकन (१९५१–  ; बेस गिटार) हे त्याचे चार घटक. चौघेही गीतरचनाकार असून चौघांच्याही रचनांना लोकप्रियता लाभली. गीतांच्या चित्रफितींचा आद्य प्रवर्तक म्हणून क्वीनचा वारंवार उल्लेख केला जातो. परंतु तो काटेकोरपणे खरा नाही. दूरचित्रवाणीसाठी गीतांचे स्वतंत्र चित्रण करून पाठविण्याची पद्धत बीटल्स या वृंदाने १९६६ मध्येच अवलंबिली होती. क्वीनचे वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. रंगमंचावर जसेच्या तसे सादर करता येणार नाही असे ध्वनिमुद्रण या वृंदाने सिद्ध केले आणि त्यामुळे कलावंतांच्या जागी उभी राहू शकेल अशी चित्रफीत त्याला करावी लागली.

मर्क्युरीचे मूळ नाव फारुख बलसारा. त्याचा जन्म झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. शालेय शिक्षणासाठी तो पाचगणी येथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला. पियानोचे शिक्षण त्याला तेथेच मिळाले आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला वृंदही त्या शाळेतच उभा राहिला. १९६४ मध्ये बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले.

क्वीनची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये निघाली. तिचे बरेचसे ध्वनिमुद्रण लंडनच्या ट्रायडेंट या ध्वनिमुद्रणशाळेत, इतर ग्राहक नसतील त्या रिकाम्या वेळी झाले. थोड्या साधनांतून भरघोस नाद निर्माण करण्याची दृष्टी या वृंदाला प्रारंभापासूनच होती. मेची गिटार ही त्याने व त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरीच घडविलेली. तिच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. एकाच गिटारचे अनेक थर एकमेकांवर चढवून तो वाद्यमेळाचा भास निर्माण करी. हे नाद विद्युत-संश्लेषक यंत्राचे नाहीत, अशी नोंद आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर आवर्जून छापली जात असे. १९८० च्या ‘द गेम’ या ध्वनिमुद्रिकेपर्यंत ते यंत्र त्यांनी दूर ठेवले.

या पद्धतीचा कळस म्हणजे मर्क्युरीची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) ही रचना. तिच्या ध्वनिमुद्रणास वेल्समधील रॉकफील्ड येथे ऑगस्ट १९७५ मध्ये प्रारंभ झाला. पुढील काम इतर ध्वनिमुद्रणशाळांत पूर्ण करण्यात आले. रॉय टॉमस बेकर हा वृंदासह तिचा सहनिर्माता होता. संथ गीत, ऑपेराच्या धर्तीचा मध्यखंड आणि त्यानंतर उसळणारे रॉक असे तिचे भाग असून शेवटी ती पुन्हा संथ होते. मध्यखंडातील विशाल समूहगान प्रत्यक्षात मर्क्युरी, मे व टेलर या तिघांचेच आहे : मंद्र स्वर मुख्यतः मेचे, मधले मर्क्युरीचे आणि अतितार स्वर टेलरचे. ध्वनिफितीवर चोवीसच मार्ग उपलब्ध असल्याने गाऊन झालेले आवाज एकत्र करून एखाद्या मार्गावर उतरवावयाचे, मोकळ्या झालेल्या मार्गांवर पुन्हा गावयाचे, असा क्रम सुमारे तीन आठवडे चालला. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की, तिच्यावरील चुंबकीय लेप झिजून ती उजेडात पारदर्शक दिसू लागली, अशी आठवण सांगितली जाते. सुमारे सहा मिनिटांचे हे गीत नभोवाणीवर कोणी वाजविणार नाही, अशी भीती व्यक्त झाली होती. तथापि ते न कापता ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसृत करण्यात आले.

तीन कंठांतून उभे केलेले हे समूहगान तीन कंठांनी रंगमंचावर उभे राहणे शक्य नव्हते. कार्यक्रमांत तो खंड ध्वनिफितीवरून ऐकविला जाई. त्या वेळी कलावंत रंगमंच सोडून जात व रॉकचा भाग सुरू होताच परतत. दूरचित्रवाणीवरील ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात ओठ हलवून असे गीत निभावणे हास्यास्पद ठरले असते. शिवाय वृंद त्या काळात दौऱ्यावर असणार होता. म्हणून १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री येथे, दौऱ्याच्या तालमीच्या जागीच, ब्रूस गावर्स याच्या दिग्दर्शनाखाली चित्रण उरकण्यात आले. त्यास सुमारे चार तास लागले व खर्च सुमारे ४,५०० पौंड आला. काळोखातून वर उजळलेले चार चेहरे हे तिचे मुख्य दृश्य मिक रॉक याने ‘क्वीन २’ (१९७४) च्या वेष्टनासाठी घेतलेल्या छायाचित्रावर आधारलेले आहे; त्या छायाचित्रालाही मार्लेने डीट्रिख या अभिनेत्रीच्या एका जुन्या प्रतिमेची प्रेरणा होती. चेहऱ्यांची लांबवर विरत जाणारी मालिका कॅमेरा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच रोखून मिळविली. युक्ती साधी आहे. पण एका आवाजाचे अनेक आवाज करणाऱ्या ध्वनिमुद्रणाला एका चेहऱ्याचे अनेक चेहरे करणारे चित्र मिळाले, हा मेळ अचूक होय. पुढे पुष्कळ अधिक खर्चाने झालेल्या क्वीनच्या अनेक चित्रफितींत तो आढळत नाही. गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

१९८१ मध्ये अमेरिकेत एम्‌टीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि चित्रफीत हा व्यवसायाचा अटळ भाग बनला. डेव्हिड मॅलेट याने दिग्दर्शित केलेल्या ‘रेडिओ गा गा’ (१९८४) मध्ये फ्रिट्स लांग याच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या मूकपटातील दृश्ये योजिली आहेत. चित्राने नभोवाणीला मागे सारल्याची खंत व्यक्त करणारे टेलरचे हे गीत चित्रफितीमुळेच लोकांच्या स्मरणात राहावे, हा विरोधाभास मार्मिक आहे. चित्रफितीतील जनसमुदाय हात उंचावून ज्या लयीत टाळ्या वाजवितो, त्याच लयीत १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली येथील ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात सुमारे बाहत्तर हजार श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. रंगमंचाची उणीव भरून काढण्यासाठी आलेले चित्र येथे रंगमंचालाच वळण देऊ लागले. त्याच वर्षीची, म्हणजे १९८४ ची, ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ ही डीकनच्या गीताची चित्रफीत चौघांनी स्त्रीवेषात केलेले एका ब्रिटिश मालिकेचे विडंबन आहे. ब्रिटनमध्ये ती हसून स्वीकारली गेली. अमेरिकेत मात्र तिच्यावर रोष ओढवला.

मर्क्युरीच्या अखेरच्या काळात चित्र व ध्वनी यांचे नाते पुन्हा पालटले. एड्सने तो खंगत चालला होता. पण आजार जाहीर झालेला नव्हता. ‘द शो मस्ट गो ऑन’ (१९९१) साठी तो कॅमेऱ्यासमोर येऊ शकला नाही आणि जुन्या चित्रणांचे तुकडे जोडून चित्रफीत करावी लागली. ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्‌ज’ चे चित्रण ३० मे १९९१ रोजी झाले. त्याची प्रकृती फार उघड दिसू नये, म्हणून ते कृष्णधवल ठेवण्यात आले. जडशा पोषाखात, जवळजवळ न हलता, तो केवळ चेहरा व हात यांनी गीत निभावतो. मे त्या दिवशी परदेशी असल्याने त्याचा भाग नंतर जोडण्यात आला. मर्क्युरीचे कॅमेऱ्यासमोरचे हे शेवटचे काम. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो मरण पावला. पुढील महिन्यात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीतासमवेत पुन्हा प्रसृत झाले आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा अग्रस्थानी पोहोचले.

आपल्या पश्चात वापरता यावे, म्हणून स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे मर्क्युरीने शक्य तेवढे गायन करून ठेवले होते. त्यावर उरलेल्या तिघांनी वाद्ये व आवाज चढवून ‘मेड इन हेवन’ (१९९५) ही ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. तिच्यातील ‘मदर लव्ह’ चे शेवटचे कडवे मर्क्युरीचे गाऊन व्हावयाचे राहिले होते. ते मेने गायिले आहे.