ए ग्रुप, बी ग्रुप

‘ए ग्रुप की बी ग्रुप’ हा प्रश्न आपल्या ज्युनिअर कॉलेजांपेक्षा जुना आहे. 10+2+3 चा आकृतिबंध महाराष्ट्रात 1975 मध्ये आला. त्याआधी एस.एस.सी. अकरावीला असे, मग कॉलेज, आणि इंटर सायन्सच्या गुणांवर पुढचे सगळे ठरे. गणितवाला ए ग्रुपमधून इंजिनीअरिंगकडे जाई, जीवशास्त्रवाला बी ग्रुपमधून मेडिकलकडे. ही फाळणी विज्ञानाच्या स्वभावातून आलेली नव्हती. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चे, पुण्यातले इंजिनीअरिंगचे शिक्षण 1854 पासूनचे. म्हणजे दोन्ही 1857 च्या मुंबई विद्यापीठाहून जुनी. प्रतिष्ठेचे धंदे शिकवणाऱ्या या दोन दारांकडे पाहूनच विषय घेतले जाऊ लागले. मुलाने काय शिकावे हे पुढच्या कॉलेजचा प्रवेशनियम ठरवतो, त्याचा कल नव्हे. आणि हे आजही बदललेले नाही, असे माझे म्हणणे आहे.

बदलण्याचा विचार मात्र झाला होता, आणि तो मोठा होता. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेतच सात शाखा सुचवल्या: मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षीच वाट ठरवायची. 1964-66 च्या कोठारी आयोगाने हे उलटवले. अध्यक्ष दौलतसिंग कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे, शाखा नंतर, आणि त्या वेळीही विषयांची जुळणी शक्य तितकी मोकळी, अशी त्यांची मांडणी होती. दहा वर्षांचे समान शिक्षण आपण स्वीकारले, हे त्या आयोगाचे मोठे यश. मोकळ्या जुळणीचे मात्र काही झाले नाही. अकरावी-बारावी नव्याने उभी राहिली आणि इंटरचे जुने ग्रुप तिच्यात जसेच्या तसे येऊन बसले.

पुढे दारे रुंदावली तशी ही रेषा आणखी ठळक झाली. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि गणिताच्या बाजूला गर्दी वळली. द्विलक्षी अभ्यासक्रमाचे उदाहरण तर फार बोलके आहे. हाताला काम शिकवावे म्हणून इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असे 200 गुणांचे विषय आले. ते घेतले की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडता येतो. इंजिनीअरिंगकडे निघालेल्या मुलांनी त्यात मराठी आणि जीवशास्त्र सोडायची सोय पाहिली. आजची ‘नीट’ 720 गुणांची. त्यातले 360 जीवशास्त्राचे, गणिताचे शून्य. जेईई मेनमध्ये जीवशास्त्र नाही. राज्याची सीईटीसुद्धा दोन ग्रुपची वेगवेगळी होते.

यावर म्हणतील की सगळे विषय कुणालाच झेपत नाहीत, आणि डॉक्टरला कॅल्क्युलस कशाला? ओझ्याची तक्रार खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. पण ते ओझे बरेचसे स्पर्धा परीक्षेच्या तयारीचे आहे. आणि डॉक्टरला कॅल्क्युलस रोज लागत नसेल, तरी औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष वाचायला संख्याशास्त्र लागते. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या इंजिनीअरला शरीर कळावे लागते. शिवाय गरज खरोखर ज्ञानाची असती, तर नियम बदलताच ती बदलली नसती. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही ‘नीट’ खुली केली. तोवर दोन वर्षे नियमित जीवशास्त्र न शिकलेल्यांना ते दार बंद होते.

2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शाखांमधल्या भिंती काढायला सांगते. कोठारींचेच अपुरे राहिलेले काम ते. धोरण कॉलेजच्या वेळापत्रकात उतरेल तेव्हा उतरो. आज अकरावीचा अर्ज भरणाऱ्या घरांना एवढीच विनंती: मुलाचा निर्णय पक्का झालेला नसेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. इंग्रजी, दुसरी भाषा आणि विज्ञानाचे चार विषय, असे सहा विषय आपल्या बोर्डात आजही घेता येतात.