घटमाला-बदल पद्धती, विद्युत् मोटारगाड्यांतील

विद्युत् मोटारगाडीतील रिती झालेली संचायक घटमाला (बॅटरी) काढून घेऊन तिच्या जागी आधीच भारित करून ठेवलेली घटमाला बसविण्याची पद्धती. गाडी थांबवून तीच घटमाला पुन्हा भारित करण्यास लागणारा वेळ वाचविणे, हा तिचा मूळ उद्देश होय. ही कल्पना अलीकडची समजली जाते. परंतु ती विद्युत् मोटारगाडीइतकीच जुनी आहे.

न्यूयॉर्कमध्ये १८९७ साली विद्युत् भाडोत्री गाड्यांची सेवा सुरू झाली. त्या गाड्यांतील शिसे–अम्ल घटमाला अर्ध्या टनाहून जड होत्या. गाडी स्थानकात आली की जलीय दाबाच्या यंत्रणेने व यारीच्या साहाय्याने घटमाला काही मिनिटांत बदलली जाई. म्हणजे यांत्रिक प्रश्न एकोणिसाव्या शतकातच बहुतांशी सुटला होता. अडचण निराळीच होती. खडबडीत रस्त्यांवरील धक्क्यांनी व वारंवार होणाऱ्या भारण-विसर्जनाने शिशाच्या पट्टिका लवकर निकामी होत आणि त्यांचा खर्च उत्पन्नास पेलवत नसे. व्यवसायाचा इतर शहरांत घाईने विस्तार करणारी इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी १९०७ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

याउलट अमेरिकेतीलच हार्टफर्ड (कनेक्टिकट) येथील प्रयोग दीर्घकाळ टिकला. तेथील वीज कंपनीने १९१० ते १९२४ या काळात विद्युत् भारवाहू गाड्यांना अशी सेवा पुरविली. ग्राहक घटमालेविना गाडी विकत घेई. घटमाला वीज कंपनीची असे. ग्राहक तिला ठराविक मासिक आकार आणि धावलेल्या दर मैलामागे पैसे देई. या व्यवस्थेखाली गाड्या एकूण ६० लाख मैलांहून (सु. ९६ लाख किमी.) अधिक धावल्या. गाड्या एकाच बनावटीच्या, मालक व्यापारी, काम बहुधा शहरापुरते आणि झिजणाऱ्या घटमालेची जोखीम तिची निगा राखू शकणाऱ्या संस्थेकडे, अशी ही जुळणी होती. पुढील प्रयोगांना ती क्वचितच साधली. पेट्रोल गाड्या स्वस्त व सोयीच्या झाल्यावर ही पद्धती मागे पडली.

शाई अगासी यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बेटर प्लेस’ या कंपनीने तिचे मोठ्या प्रमाणावर पुनरुज्जीवन केले. त्यासाठी इझ्राएलची निवड विचारपूर्वक झाली होती : देश लहान, पेट्रोल महाग आणि खाजगी गाडी सहसा सीमेपलीकडे न जाणारी. मोटारगाडी रेनॉल्ट कंपनीची, घटमाला बेटर प्लेसची व आकारणी किलोमीटरवर, अशी ही योजना हार्टफर्डची आठवण करून देणारी होती. बदलाची स्वयंचलित क्रिया सु. पाच मिनिटांत पूर्ण होई. तथापि बदलण्याजोगी घटमाला असलेले रेनॉल्टचे एकच प्रतिमान बाजारात आले. अन्य निर्मात्यांनी आपल्या गाडीचा तळ व घटमालेची रचना दुसऱ्याच्या मापाने करण्याचे नाकारले. एक लाख गाड्यांची अपेक्षा असताना इझ्राएल व डेन्मार्क मिळून दीड हजारही खपल्या नाहीत. महागडी केंद्रे ग्राहकांच्या आधी उभारावी लागली. सु. ८५ कोटी डॉलर भांडवल उभारलेली ही कंपनी मे २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. केंद्रे बंद पडल्यावर गाड्यांच्या मालकांना मंद गतीच्या भारणावर अवलंबून राहावे लागले. घटमाला स्वतःची नसण्याचा तोटा त्यांना असा भोगावा लागला.

केंद्राचे अर्थकारण साध्या हिशेबाने समजते. दर ५ मिनिटांनी एक गाडी येत असेल आणि रिती घटमाला भारित होण्यास १ तास लागत असेल, तर किमान १२ जादा घटमाला हाताशी असाव्या लागतात. गर्दीच्या दिवशी त्या अपुऱ्या पडतात, तर एरवी भांडवल पडून राहते. दुसऱ्या बाजूस, ६० किलोवॉट-तास ऊर्जा गाडीत ३ मिनिटांत थेट भरावयाची तर १,२०० किलोवॉट शक्ती लागेल. केंद्रात तेवढीच ऊर्जा सावकाश भरता येते. त्यामुळे घटमालेचे आयुष्य वाढण्यास मदत होते व वीजजालावरील ताण कमी होतो. हा लाभ खरा आहे. पण जलद भारण सुधारत जाईल तसतसे त्याचे मोल घटते. अमेरिकेत टेस्ला कंपनीने जून २०१३ मध्ये दीड मिनिटात बदलाचे प्रात्यक्षिक दाखविले व पुढे कॅलिफोर्नियात एक केंद्र उघडले. परंतु जलद भारण उपलब्ध असलेल्या ग्राहकांनी त्याकडे पाठ फिरविली.

चीनमध्ये मात्र ही पद्धती रुजली. नीओ कंपनीने २०१८ मध्ये शेंजेन येथे पहिले केंद्र उघडले आणि २०२० पासून घटमाला भाड्याने देऊन गाडीची विक्रीची किंमत कमी केली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या केंद्रात १३ घटमाला राहतात व दिवसाला जास्तीत जास्त ३१२ बदल होतात, म्हणजे प्रत्येक घटमाला सरासरी तासाला एकदा बाहेर पडते. गाडी, घटमाला व केंद्र या तिन्हींची रचना एकाच कंपनीच्या हाती असल्याने प्रमाणीकरणाची अडचण टळली. शासनाचा पाठिंबाही होता : २०२० मध्ये महागड्या गाड्यांचे अनुदान बंद करताना या गाड्यांना सूट दिली गेली. तरीही केंद्रांची संख्या हजारांत गेल्यानंतरही २०२४ पर्यंत कंपनी तोट्यातच होती.

भारतात घटमालेविना दुचाकी व तिचाकी विद्युत् वाहनांच्या नोंदणीस ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र शासनाने मुभा दिली आणि एप्रिल २०२२ मध्ये नीती आयोगाने घटमाला-बदल धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याचा भरही याच लहान वाहनांवर होता. त्यांच्या घटमाला हाताने उचलता येतात, त्यामुळे यंत्रमानव व खर्चिक केंद्र लागत नाही. आणि दिवसभर भाडे मारणाऱ्या रिक्षाचालकाचा वाया जाणारा प्रत्येक तास हे थेट उत्पन्नाचे नुकसान असते.