विमा आणि वैद्यकीय उपचार : भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या संदर्भात

कामगारवर्गाच्या आरोग्यविम्याचा इतिहास बहुधा कायद्यांचा व योजनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता कायदा केव्हा संमत झाला आणि किती कुटुंबांना संरक्षण मिळाले, एवढ्यावर तो थांबतो. परंतु विम्याच्या यादीत नाव असणे आणि आजारी पडल्यावर प्रत्यक्ष उपचार मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांच्यामधील अंतर कसे निर्माण होते व कशाने कमी होते, हे तपासण्यास भिवंडीसारखे उद्बोधक क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

भारतातील औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची पहिली सविस्तर योजना प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केली. तिच्या आधारे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ साली ती मुंबईत आली. प्रारंभी वैद्यकीय लाभ केवळ कामगारापुरता होता. १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने कुटुंबीयांपर्यंत नेण्यात आला. मुंबईतील व्यवस्थेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. अन्य अनेक ठिकाणी विमा दवाखाने उघडण्यात आले असता, मुंबईत खाजगी डॉक्टरांची यादी तयार करून तीतून डॉक्टर निवडण्याची मुभा कामगाराला देण्यात आली. त्यामुळे गिरणगावातील कामगाराला आपल्या वस्तीतील डॉक्टरकडे विमाधारक या नात्याने जाता येत असे. शिवाय आजारपणात बुडालेल्या मजुरीची काही भरपाई त्याला रोख मिळे. योजनेविषयी तक्रारी नव्हत्या असे नाही. तथापि उपचार घराजवळ असावा आणि उपचारासाठी मजुरीला सर्वस्वी मुकावे लागू नये, ही दोन तत्त्वे तीत अंतर्भूत होती.

मुंबईपासून फार दूर नसलेल्या भिवंडीत मात्र वस्त्रोद्योगाची घडण निराळी होती. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग चालविले. विसाव्या शतकात त्यांची जागा क्रमाने यंत्रमागांनी घेतली. गिरणीप्रमाणे एका छपराखाली हजारो कामगार येथे कधीच नव्हते. १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या ज्या कारखान्यात २० वा अधिक कामगार असतील त्यालाच विमा लागू केला होता. १९८९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १० वर आणली. आता २४ मागांचा एक कारखाना घेऊ. एक विणकर ४ माग सांभाळतो असे धरल्यास एका पाळीस ६ आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांस १२ विणकर पुरतात. ६ माग सांभाळणारे असल्यास ८ पुरतात. कांडीवाला व इतर मदतनीस मोजले तरी जुनी मर्यादा सहसा गाठली जात नसे. नवी मर्यादाही मागांची विभागणी निरनिराळ्या नावांवर दाखवून टाळता येई. हजेरीपट नसलेल्या कारखान्यात कामगार असल्याचा पुरावाच राहत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांचे बरेचसे कापड-उत्पादन यंत्रमागांकडे वळले आणि त्याचा मोठा वाटा भिवंडीस मिळाला. उत्पादन स्थलांतरित झाले, परंतु गिरणीशी जोडलेला विमा त्याच्याबरोबर आला नाही. उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण या भागांतून आलेला कामगार मीटरवर मजुरी घेऊन तेच कापड विणू लागला. आजारपणाचा खर्च मात्र आता त्याच्या स्वतःच्या खिशावर पडला.

ही उणीव भरून काढण्याचा पुढील प्रयत्न उद्योगाच्या नव्हे, तर कुटुंबाच्या आधारे झाला. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २१ नोव्हेंबर २०१३ पासून संपूर्ण राज्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडीतही, लागू झाली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत ९७२ प्रकारचे उपचार विनाशुल्क मिळावेत, अशी तिची रचना होती. मालकाच्या नोंदीची गरज उरली नाही, ही मोठीच प्रगती होय. परंतु तिच्याऐवजी शिधापत्रिकेची गरज निर्माण झाली. आणि ज्याची शिधापत्रिका परराज्यातील गावी आहे, तो कामगार भिवंडीत वर्षानुवर्षे राहूनही योजनेबाहेर राहिला.

या योजनेची एक देणगी मात्र इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अंगीकृत रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नेमून कागदपत्रे तपासणे, पूर्वमंजुरी मिळविणे व रुग्णाला मार्गदर्शन करणे ही कामे त्याच्याकडे सोपविण्यात आली. विमा आणि उपचार यांच्यामध्ये एका मध्यस्थाची आवश्यकता असते, याची ही शासकीय कबुलीच होय. तथापि आरोग्यमित्र भेटतो तो रुग्णालयात पोहोचल्यावर. आपला आजार योजनेत बसतो काय आणि कोणत्या रुग्णालयात जावे, हे प्रश्न त्याआधीच, मागाच्या खोलीत उत्पन्न होतात. तसेच योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर होता. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत जडणारा खोकला किंवा बारा तास उभे राहून होणारी पाठदुखी यांसाठी गल्लीतील डॉक्टरला पैसे मोजावेच लागत. बुडालेल्या पाळीची भरपाईही तीत नव्हती.

२०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने एका राज्यातील लाभार्थ्याला दुसऱ्या राज्यात उपचार घेण्याची सोय केली, आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पाच लाखांपर्यंतचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय घेतला. व्याप्तीचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळ अंशी सुटत आला, असे म्हणता येईल.

यावरून निष्पन्न होते ते असे. १९५४ च्या मुंबईतील योजनेने थोड्यांना सामावले, पण त्यांच्या वस्तीत डॉक्टर दिला व मजुरीची दखल घेतली. २०१३ नंतरच्या योजनांनी पुष्कळांना सामावले, पण या दोन्ही गोष्टी वगळल्या. म्हणून आरोग्यविम्याच्या अभ्यासकाने विमाधारकांची संख्या नोंदवून थांबू नये. कोणता कागद मागितला जातो, वाट दाखविणारा मनुष्य कोठे बसतो आणि उपचाराच्या दिवसाची मजुरी कोण देतो, हे तीन प्रश्न त्याने प्रत्येक योजनेला विचारले पाहिजेत. भिवंडीच्या विणकर कुटुंबाला उपचार मिळाला की नाही, हे याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत आले आहे.