जन्मजात मानेच्या गाठी व प्रसूतिसमयीचे श्वसनरक्षण
गर्भावस्थेत मानेवर वाढून जन्मवेळी श्वसनमार्ग दाबणाऱ्या गाठींत दोन प्रमुख होत : लसीका वाहिन्यांच्या विकृतीमुळे होणारी द्रवयुक्त कोष्ठमय गाठ आणि अनेकविध ऊतकांची टेराटोमा. पहिलीचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक आडोल्फ व्हेर्नर यांनी १८४३ मध्ये केले. तथापि दीर्घकाळ निदान जन्मानंतरच होई.

गर्भाला ऑक्सिजन वारेतून मिळत असल्याने गाठ मोठी असली, तरी गर्भाशयात तो गुदमरत नाही. नाळ कापताच हा आधार संपतो. दबलेल्या, बाजूला सरकलेल्या श्वासनालेत काही मिनिटांत नळी घालणे निष्णात हातांनाही अवघड असते आणि पूर्वी अशी अनेक अर्भके प्रसूतिगृहातच दगावत. इयन डोनाल्ड व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ग्लासगो येथून श्राव्यातीत तरंगांनी घेतलेल्या गर्भाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. या तंत्राच्या प्रगतीनंतर गाठ जन्मापूर्वी दिसू लागली.

नाळ न तोडताच श्वसनमार्ग सांभाळण्याचा वृत्तांत अमेरिकेत नॉरिस व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. मध्यपटलाच्या हर्नियासाठी गर्भावस्थेत बंद केलेली श्वासनाल जन्मवेळी उघडण्याकरिता सॅन फ्रॅन्सिस्को येथे हीच रीत विकसित झाली व १९९७ मध्ये ‘एक्झिट’ नावाने मांडली गेली. नाव बाहेर पडण्याचे असले, तरी मर्म बाहेर पडणे लांबविण्यात आहे. गर्भाशय छेदून केवळ डोके व खांदे बाहेर काढतात. वारेचा पुरवठा चालू असताना नळी घालतात, न जमल्यास श्वासनालछेदन करतात. त्यासाठी सखोल शुद्धिहरणाने गर्भाशय शिथिल ठेवावे लागते. एरवी रक्तस्राव थांबतो तो गर्भाशयाच्या आकुंचनाने. म्हणजे अर्भकाला मिळणाऱ्या वेळेचा धोका माता पत्करते.

गोदावरीकाठच्या पुणतांब्याच्याच राहाता तालुक्यात, लोणी येथे, १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. मात्र रुग्णालय जवळ असणे येथे पुरत नाही. प्रसूती, शुद्धिहरण, कान-नाक-घसा, बालशल्य व नवजात चिकित्सा यांचे तज्ञ एकाच वेळी हजर लागतात आणि शक्यतो कळांपूर्वीच दिवस ठरवावा लागतो. पहिल्या बाळंतपणास माहेरी जाण्याच्या चालीमुळे तपासणी एका गावी व प्रसूती दुसऱ्या गावी होते. तेव्हा सोनोग्राफीचा अहवाल गर्भवतीबरोबर जाणे अगत्याचे ठरते. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये कायदे केले; जन्मजात विकृती शोधण्यास त्यांत मुभा ठेवली आहे. सुमारे १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत न दिसलेली गाठ पुढे वाढू शकते. गर्भाला गिळता न आल्यास गर्भजल वाढते; ते बेसुमार वाढल्यास पुन्हा तपासणी करतात.