मोबाईल वीज ओढत नाही

वळवाचं आभाळ भरून आलं की माहूरच्या डोंगरपट्ट्यात शेतातली कितीतरी माणसं मोबाईल बंद करून धुऱ्यावर ठेवतात आणि स्वतः लिंबाखाली जाऊन उभी राहतात. फोन वीज ओढतो, हे त्यांना शिकलेल्यांनीच सांगितलेलं असतं.

या समजाचा आधार काय? वीज पडलेल्याच्या खिशात जळका फोन सापडतो. 2006 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बागेत फोनवर बोलताना वीज पडलेल्या 15 वर्षांच्या मुलीची हकीकत दिली, तीही पुढे केली जाते. पण त्यांचा तर्क इजेबद्दल होता: कानाला टेकलेल्या धातूमुळे अंगावरून निसटणारा प्रवाह आत शिरतो. ओढण्याचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मोजमापावर टिकत नाही.

विजेची पहिली फांदी ढगातून साधारण 50-50 मीटरचे टप्पे घेत उतरते. ती जमिनीजवळ आली की खालचं एखादं उंच टोक तिच्याकडे ठिणगी धाडतं. दोघी भिडल्या की परतीचा झोत प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने वर धावतो. उघड्यावर मांडलेल्या सपाट धातूच्या तबकडीने त्याचं विद्युत क्षेत्र मोजतात. 100 किलोमीटरवर ते मीटरला सुमारे 6 व्होल्ट भरतं. म्हणजे नांदेडला पडलेली वीज माहूरला एवढी जाणवते, कारण सरळ रेषेत अंतर साधारण तितकंच आहे. त्यावरून प्रवाह निघतो 30 हजार अँपिअर.

हवा फुटायला मीटरला 30 लाख व्होल्ट लागतात. फोनचं क्षेत्र त्याला चिकटूनही फार तर काही शे, तेही सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलणारं. ते विजेला वाट काय दाखवणार? ठिणगी धाडतं ते झाड. तारेचा जुना फोन किंवा चार्जिंगला लावलेला मोबाईल मात्र खरंच धोक्याचा, कारण वीज तारेतून आत येते.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची यंत्रं विजेचे असेच झटके टिपतात आणि ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या टापूतली वीज दाखवतं. ते ॲप धुऱ्यावर बंद पडलेल्या फोनात असतं.

फोन चालू ठेवून खिशात घाला, झाड सोडा, पक्कं घर गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.