गायक गेला, गाणं थांबलं नाही



गटाचा सगळा भार जिच्या खांद्यावर, अशी एखादी सचिव अचानक जाते. बँकेत सही तिची, हिशेब तिलाच पाठ. पुढच्या बैठकीला सगळ्या जमतात, पण वही उघडायला कुणाचा हात धजत नाही. गटागटांत फिरताना हा प्रश्न आम्हाला भेटत राहतो. आज त्याच प्रश्नाची एक लांबची गोष्ट सांगतो. ती आहे ऑस्ट्रेलियातल्या एका रॉक बँडची. रॉक म्हणजे विजेची गिटार आणि ड्रमच्या जोरावरचं दणदणीत गाणं. बँड म्हणजे ते मिळून वाजवणारा गट.

माल्कम आणि अँगस यंग हे दोघे भाऊ. त्यांचं कुटुंब स्कॉटलंडहून सिडनीला येऊन राहिलं होतं. १९७३ साली त्यांनी बँड काढला. नाव सुचवलं त्यांच्या थोरल्या बहिणीनं, मार्गारेटनं. शिलाई मशीनवर विजेसाठी लिहिलेली अक्षरं तिच्या डोळ्यांत भरली आणि बँडचं नाव पडलं ‘एसी/डीसी’. अँगसनं शाळेचा गणवेश घालून गिटार वाजवावी, ही कल्पनाही तिचीच.

बॉन स्कॉट त्यांचा गायक. १९७९ साली त्यांच्या अल्बमनं अमेरिकेत नाव काढलं. अल्बम म्हणजे एका तबकडीवरची एकत्र गाणी. आता चांगले दिवस येणार, असं वाटत असतानाच १९ फेब्रुवारी १९८० रोजी बॉन लंडनमध्ये गेला. रात्रभर दारू पिऊन तो गाडीतच झोपला होता, तो उठलाच नाही. वय अवघं ३३. दारू घरातला माणूस कसा नेते, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

बँड बंद करावा, असं भावांच्या मनात आलं. पण बॉनच्या आईवडिलांनीच त्यांना पुढे जायला सांगितलं. नव्या गाण्यांच्या चाली दोघे भाऊ आधीच बांधत होते. गायक गेला, तरी चाली त्यांच्या हातात होत्या.

नवा गायक आला ब्रायन जॉन्सन, इंग्लंडच्या न्यूकॅसल भागातला. तेव्हा तो गाड्यांची छतं दुरुस्त करण्याचा धंदा करत होता. त्याचं गाणं ऐकून बॉननंच पूर्वी त्याचं कौतुक केलं होतं, असं अँगसनं पुढे सांगितलं. बॉनच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच सगळे बहामा बेटांवरच्या नॅसो शहरात ध्वनिमुद्रणाला बसले. जॉन्सननं बॉनची नक्कल केली नाही. तो आपल्याच खरखरीत, चढ्या गळ्यानं गायला. दहाही गाण्यांवर कर्ते म्हणून दोन भावांच्या जोडीला त्याचंही नाव लागलं.

२५ जुलै १९८० रोजी ‘बॅक इन ब्लॅक’ बाहेर आला. बॉनच्या शोकासाठी वेष्टन काळं ठेवलं. पहिलं गाणं सुरू होतं ते घंटेच्या संथ टोल्यांनी. ती एक टनाच्या आसपास वजनाची घंटा इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या कारखान्यात ओतलेली. म्हणजे आधी गेलेल्याची आठवण, मग नवं गाणं. अमेरिकेत या अल्बमच्या विक्रीवर २०१९ साली अडीच कोटींची मोहोर उमटली. जगातल्या सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. याच अल्बममध्ये दारू पिण्याचंही एक गाणं आहे. दारूनं माणूस नेला, तरी गाण्यातली दारू सुटली नाही. ते त्यांच्याकडून घ्यायचं नाही.

घ्यायचं ते वेगळं. त्यांनी दुःख लपवलं नाही आणि त्यात बुडूनही गेले नाहीत. नव्या माणसाला त्याच्याच गळ्यानं गाऊ दिलं, आणि त्याचं नाव कागदावर लावलं. आपल्या नव्या सचिवेला आपण पहिल्याच बैठकीत म्हणतो, “ताई असत्या तर असं केलं नसतं.” मग ती बिचारी दुसऱ्या बैठकीला येतच नाही.

म्हणून येत्या बैठकीत एवढं पाहा: वहीतला हिशेब आपल्यातल्या किती जणींना येतो? एकीलाच येत असेल, तर त्याच दिवशी दुसरीला शेजारी बसवा.