पाच आणे चार पै

गेल्या उन्हाळ्यात शेजारची, दहावीत जाणारी मुलगी घरातला एक जुना उतारा घेऊन माझ्याकडे आली. तिच्या पणजोबांच्या नावापुढे ‘पाच आणे चार पै’ असे लिहिले होते. “काका, जमिनीच्या कागदावर पैसे कसले?” तिने विचारले. मी सांगितले की हे पैसे नव्हेत, हिस्सा आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै. तिने वहीत ६४ भागिले १९२ असे मांडले आणि भागाकार सुरू केला. ०.३३३ पर्यंत आली आणि थांबली. “हे संपतच नाही की!”

तिच्या पणजोबांना यात न संपण्यासारखे काही दिसले नसते. तिघा भावांतला एक वाटा, एवढाच त्याचा अर्थ होता. ते शाळेत किती गेले होते ठाऊक नाही, पण रुपयाचा तिसरा हिस्सा त्यांना तोंडपाठ होता. पणती नऊ वर्षे शाळेत जाऊन दशांश चिन्हापाशी अडकली होती.

हा प्रसंग मनात घोळत राहिला, त्याला कारण आहे. १९८८ साली मी बारावीला गणितात नापास झालो. पुढे एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजींच्या हाताखाली हिशोब लिहिले, मोडी शिकलो, जुने कागद वाचायची चटक लागली आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना गणित शिकवू लागलो. तेव्हापासून एकच प्रश्न पाठ सोडत नाही. माध्यमिक शाळेतल्या पोराला वरच्या परीक्षेसाठी गणितातले नेमके काय यावे लागते, आणि ते त्याला आजवर कुठून मिळत आले?

पहिले उत्तर पंतोजींच्या शाळेत सापडते. तिथे धुळपाटीवर अक्षरे गिरवली जात आणि पाढे घोकले जात. नुसते दोन ते तीसचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन. माझे आजोबा ‘सतरा औट?’ म्हटले की डोळे न उघडता ‘साडेएकोणसाठ’ म्हणत. या पाढ्यांना आपण पाठांतर म्हणून नावे ठेवतो, पण ते अपूर्णांकांचे गुणाकार होते. त्यावर त्रैराशिक उभे होते : इतक्या मणाला इतके, तर तितक्याला किती? भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त त्रैराशिक सगळ्या अंकगणितात भरून राहिले आहे असे म्हटले आहे. तेच त्रैराशिक सातशे वर्षांनंतरही बाजारपेठेत रोज चालत होते.

पण ही विद्या सर्वांची नव्हती. गावचा हिशोब कुलकर्ण्याच्या घरी वंशपरंपरेने राही आणि व्याजाचा हिशोब सावकाराच्या दुकानी. कुणब्याला आपला हिस्सा कळे, आपल्या कर्जाचे चक्रवाढ व्याज कळत नसे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोब शिकवावा असे स्पष्ट म्हटले आहे. हिशोब येणे ही तेव्हा विद्वत्तेची बाब नव्हती, नागवले न जाण्याची होती.

कागलशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. करवीर संस्थानातली ही घाटग्यांची जहागीर. याच घाटगे घराण्यातला मुलगा १८८४ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचा छत्रपती झाला. शाहू महाराजांच्या दोन निर्णयांचा आपण वेगवेगळा उल्लेख करतो; मला ते जोडून वाचावेसे वाटतात. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. लगेच १९१८ साली कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमायचे ठरवले. एका निर्णयाने हिशोब सर्वांच्या पोरांना शिकवायची सोय झाली, तर दुसऱ्याने हिशोबाची जागा जन्मावरून मिळायची बंद झाली. ज्याला आकडेमोड येईल तो तलाठी. गणित आल्याने हुद्दा मिळू शकतो, हे गावाने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

मात्र त्याच्या वर आणखी एक दार होते आणि तिथले गणित निराळे होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. या मॅट्रिकला औटकीचा उपयोग थोडा. तिथे बीजगणित होते आणि युक्लिडची भूमिती होती. मराठीत या विषयांची तयारी झाली नव्हती असे नाही. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकातच शास्त्रीमंडळींच्या मदतीने मराठीत गणिताची पुस्तके करून घेतली होती. बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहून त्याला ‘शून्यलब्धि’ असे सुरेख नाव दिले होते. पण विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत झाली आणि ही पुस्तके कपाटात गेली.

मॅट्रिकच्या गणिताने दोन नव्या गोष्टी मागितल्या. पहिली, अक्षराला संख्या मानणे. बाजारात प्रत्येक संख्येला नाव असते : इतके मण, इतके रुपये. ‘क्ष’ला काहीच नाव नसते आणि तरी त्याची बेरीज करायची असते. दुसरी, कारण लिहिणे. भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी मांडणी करावी लागते. आजोबांचे उत्तर बरोबर असे, पण ते कसे आले हे त्यांना कुणी कधी विचारले नव्हते. वरच्या परीक्षेला उत्तराइतकीच त्यामागची वाट हवी असते. बाजारात ही सवय मिळत नाही, ती शाळेतच लागते.

शाळा मात्र सलग मिळायला हवी. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली, १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागलातल्या एका कूळ-शेतकऱ्याचा मुलगा मॅट्रिकपर्यंत पोचण्यासाठी बापाशी आणि परिस्थितीशी कसा झगडला, हे सगळ्यांनी वाचले आहे. मी ती गणित शिकवणाऱ्याच्या नजरेने वाचतो. मळ्यातल्या कामासाठी शाळेतून काढलेल्या मुलाचा इतिहासाचा धडा चुकला तर तो पुढचा धडा वाचू शकतो. पण ज्या पंधरा दिवसांत अपूर्णांक झाले ते त्याचे हुकले, तर दोन वर्षांनी बीजगणित अडते, आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. ‘याला डोकं नाही’ असा निकाल लागतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये मी हेच पाहत आलो. ऊसतोडीच्या दिवसांत, घरच्या आजारपणात, लहान भावंडाला सांभाळण्यात एखादी पायरी निसटलेली असते.

दुसऱ्या टोकाला कोल्हापूरचेच एक घराणे आहे. विष्णु वासुदेव नारळीकर १९०८ साली कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला रँग्लर झाले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचे चिरंजीव जयंतराव, जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. बनारसच्या घरात त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे, ही आठवण जयंतरावांनी लिहिली आहे. बुद्धी असामान्य होती यात वाद नाही. पण फळाही होता, आणि गणित सुटायला दोन दिवस लागले तर लागू देत, म्हणणारी माणसेही होती. आमच्याकडच्या पोराला परीक्षेबाहेर गणिताशी झटायला असा निवांतपणा क्वचित मिळतो.

आता पणतीच्या ०.३३३ कडे येतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढच्या काही वर्षांत शेर-मणांच्या जागी किलो आणि क्विंटल आले. व्यवहार सोपा झाला, ही मोठीच सुधारणा होती. पण तिच्याबरोबर बाजारातला अपूर्णांक संपला. सोळाचे अर्धे, पाव, अर्धपाव सहज होतात आणि १९२ चा तिसरा हिस्साही नेमका निघतो. शंभराचा तिसरा हिस्सा निघत नाही. पावकी-औटकी निरुपयोगी ठरून शाळेतून गेली आणि जे लहानपणी फुकट कानांवर पडत होते, ते केवळ पुस्तकातल्या एका प्रकरणापुरते उरले.

नेमक्या त्याच काळात वरचे दार रुंद होत होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना आवश्यक असावे असे सुचवले. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. म्हणजे अपूर्णांक घरादारातून गेला, आणि ज्याचा पायाच अपूर्णांक आहे ते बीजगणित प्रत्येकापुढे आले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. मधला पूल कुणी बांधायचा, हे ठरले नाही.

पूल नसल्याची खूण वहीत लगेच दिसते. क्षचा निम्मा आणि क्षचा तिसरा हिस्सा मिळून १० होतात, तर क्ष किती? दरवर्षी निम्म्याहून अधिक मुले दोन आणि तीनची बेरीज पाच करून खाली लिहितात, ‘दोन क्ष छेद पाच’. हीच गोष्ट आण्यांत विचारली तर आठ आणे आणि पाच आणे चार पै मिळून तेरा आणे चार पै होतात, म्हणजे सहातले पाच हिस्से. सहातले पाच हिस्से १०, तर पूर्ण १२. मूल चुकते ते बीजगणितात नव्हे, त्याच्या तीन पायऱ्या खाली. बरोबरच्या चिन्हाचेही तसेच. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा मंत्र पाठ असतो. पण ते चिन्ह म्हणजे तराजूचा काटा आहे, एका पारड्यातून काढले तर दुसऱ्यातूनही तेवढेच काढायचे, हे सांगायचे राहून गेलेले असते.

दहावीपर्यंत हे झाकले जाते. बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. सरावाची गणिते करून गुण मिळतात. मीही असाच पार झालो होतो. अकरावी विज्ञानाला मात्र निश्चयक, त्रिकोणमिती, सीमा हे सारे काही महिन्यांत आणि इंग्रजीत येते. शेवटी एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटेसुद्धा नाहीत. तिथे अपूर्णांकावर विचार करायला वेळ नसतो, तो हातात असावा लागतो.

यावर उपाय म्हणून आपण वेळोवेळी दार ठेंगणे करत आलो. काही वर्षे ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता; त्यातून गेलेल्यांना विज्ञानाची वाट बंद असे. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांना पुढे जाऊ द्यावे, पण पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा द्यावा, अशी सूचना होती. गणितापायी कुणाचे सगळे शिक्षण थांबू नये, हे मला, नापास माणसाला, मनापासून पटते. पण असा शेरा बहुतेक कुणाच्या माथी बसेल हेही दिसते. ज्यांच्या घरी फळा नव्हता त्यांच्याच. १९१८ साली जन्माने मिळणारी हिशोबाची जागा काढून घेतली. ती शेऱ्याच्या रूपाने परत यायला नको.

पूल बांधायला सामान मात्र आजही गावात पडून आहे. आमचा तालुका उसाचा. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा. उतारा १२ टक्के पडला तर १.७५ टक्के जादा, म्हणजे ५८ रुपये १० पैसे. एकूण ३९८ रुपये १० पैसे, टनाला ३९८१. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. उतारा आडव्या अक्षावर आणि दर उभ्यावर घेतला की सरळ रेषा मिळते. दहावीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आहे. ही रेषा घरोघरी उसाच्या बिलात येते आणि वर्गात कुणी तिचे नाव घेत नाही.

उतारा घेऊन आलेल्या त्या मुलीला मी पुढचे विचारले. जमीन दोन एकर पंधरा गुंठे; पणजोबांचा हिस्सा किती? चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ९५ गुंठे. तिने भागाकार मांडला आणि पुन्हा ३१.६६६ वर आली. “दशांश सोड, हिस्से कर,” म्हणालो. ३१ गुंठे आणि गुंठ्याचे तीनातले दोन हिस्से. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. तिने तीनने भागले, ३६३ आले; दुप्पट केली, ७२६. बाकी शून्य.

“संपलं की हो काका,” ती म्हणाली. मग वही माझ्याकडे न देता तिने वर ‘पक्ष’ लिहिले, खाली ‘साध्य’ लिहिले, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येक पायरीपुढे कारण देत, मांडायला घेतले.